मुठीच्या मापाचा बेस

योगिनीचा हात मी पहिल्यांदा नीट पाहिला तो बांगड्या भरताना. पार्टीतल्या आम्हा बायकांना दिपेशने एकसारख्या हिरव्या बांगड्या घ्यायचं ठरवलं होतं, आणि कासारणीने काढलेली प्रत्येक बांगडी योगिनीच्या हातातून सुळकन खाली येत होती. शेवटी कासारणीने शाळकरी मुलींचा खोका उघडला आणि म्हणाली, "एवढा हात घेऊन ही पोर करते तरी काय?" मी तिला म्हटलं, "बेस वाजवते." कासारणीला ते काय ते कळलं नाही. कळलं असतं तर हसली असती, कारण तेव्हा सगळेच हसत होते.

दिपेश म्हणजे माझा नवरा. दिवसा तो शहापुरात मोटारी बांधतो, म्हणजे पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो, आणि लग्नसराईत आमची सापगावची बेंजो पार्टी चालवतो. तो कीबोर्ड वाजवतो, मी गाते. हळद, साखरपुडा, वरात, जिथे बोलावतील तिथे जातो. आमच्या भागातल्या बहुतेक पार्ट्यांत खालचे जाड सूर कीबोर्डवाल्याचा डावा हातच उरकून टाकतो. दिपेशला ते पटत नाही. त्याच्या मते बेस गिटार नसलेली पार्टी म्हणजे मीठ नसलेली आमटी. त्याच्या बऱ्याच मतांशी माझं जमत नाही, पण ह्या एका मताशी जमतं. बेस कानाला फारसा जाणवत नाही. तो नसला की मात्र गाणं अधांतरी लोंबकळतं, आणि ते सगळ्यात आधी गाणाऱ्याच्या घशाला कळतं.

पूर्वी आमचा बेस विपुल वाजवायचा. विपुल दिपेशचा मावसभाऊ. हात असे की एका पंजात नारळ मावेल. कान मात्र देवाने द्यायचे म्हणून दिलेले. दुसऱ्या कुठल्या पार्टीत जास्त नाव होईल म्हणून तो आम्हाला सोडून गेला, आणि पार्टीच्या मालकीचा लांबलचक काळा बेस आमच्या माळ्यावर येऊन पडला.

योगिनी तेव्हा माझ्यामागे कोरसला होती. सिद्धगडाच्या पायथ्याशी वाडी आहे, तिथली. भाताची आणि नाचणीची शेती, घरात आई-बाबा आणि थोरला भाऊ पंकज. मुरबाडला आत्याकडे राहून ती बारावी झाली आणि तिथूनच आमच्याकडे आली. कोरसमधल्या मुली माझ्यामागे माझीच ओळ ओढतात. ही मात्र तोंड मिटून भलतंच काहीतरी गुणगुणायची. मी एकदा वैतागून मागे वळले आणि ओरडणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ती बेस गुणगुणतेय. विपुल गेल्यावर गाण्याला जे भोक पडलं होतं, ते ही पोर आपल्या परीने बुजवत होती.

"हे कुठं शिकलीस गो?" मी विचारलं.

"शिकली नाय, वहिनी. लोकांना वरचं गाणं आयकू येतं ना, मला खालचं येतं आधी."

त्याच दिवशी मी माळ्यावरून बेस खाली काढला आणि तिच्या गळ्यात अडकवला. दिपेश म्हणाला, "गिटारनं पोरगी अडकवलीय का पोरीनं गिटार?" मी त्याला चहा करायला पाठवलं.

मोबाइलवर बघून बघून ती शिकली. असं शिकणं मी तरी पाहिलेलं नाही. आम्ही एखादं गाणं बसवायला घेतलं की दुसऱ्या दिवशी तिला त्याचं हाड न् हाड माहीत असायचं. ढोलकीवाला कुठे धावतो, मी कुठे श्वास चोरते, सगळं तिला ठाऊक. एकदा मी कडवं चुकून आधीच उचललं, तर बाकीचे सगळे सांडले आणि ही तेवढी माझ्याबरोबर राहिली. सबंध पार्टीत मला जपून नेणारं माणूस म्हणजे ती एवढीशी पोर, हे मी दिपेशला तोंडावर सांगितलंय.

अडचण होती ती हाताची. बेसची मान लांब असते, तिच्यावर फ्रेट म्हणजे लोखंडी आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि दोन फ्रेटच्या मधल्या जागेला आम्ही घर म्हणतो. मानेच्या टोकाकडची घरं सगळ्यात रुंद. माझी गायची पट्टी आहे पेटीची पांढरी चार, आणि तो सूर नेमका जाड तारेच्या पहिल्या घरात. म्हणजे माझ्या प्रत्येक गाण्यात योगिनीला मानेच्या टोकापर्यंत हात ताणून तिथेच ठाण मांडावं लागायचं. पहिल्या घरावर बोट ठेवलं की तिची करंगळी पुढच्या सुराच्या अलीकडेच संपायची. मग ती अख्खा हात उचलून पळवायची. दोन गाणी छान व्हायची. चौथ्या-पाचव्या गाण्याला मनगट सुजायचं, अंगठ्यात मुंग्या यायच्या आणि सूर उशिरा पडायला लागायचा.

"पट्टी दोन घरं वर घे की," दिपेश मला म्हणाला. "पोरीला सोपं जाईल."

मी एखाद्या वेळी घेतलीही असती. पण योगिनीच म्हणाली, "नको, दादा. माज्या हातासाठी वहिनींचं गाणं कशाला वर जाईल? वर गेल्यावर त्यांचा आवाज पातळ होतो." खरं होतं ते. नवऱ्याला इतक्या वर्षांत जे कळलं नव्हतं, ते तिने सहज सांगून टाकलं.

दसऱ्याला दिपेशने निकाल लावला. तुळशीचं लग्न झालं की आमची पहिली सुपारी किन्हवलीची होती. आमच्याच नात्यातल्या घरची हळद, सगळा गोतावळा येणार. "किन्हवलीत उभी राहून पहिल्यापासून शेवटापर्यंत वाजवलंस तर बेस तुझा," तो योगिनीला म्हणाला. "नायतर मी विपुलला बोलावतो. तो यायला बघतोच आहे. माझा राग नाय, पोरी, पण भर मांडवात हात गळाला तर पार्टीचं नाव जातं."

ती उठली, बेस घेऊन वाडीवर गेली. मला जाताना एवढंच म्हणाली की पंकजने मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला तिच्यासाठी शब्द टाकलाय, आणि बेस गेला तर ती तिथे जाईल. "तिथं गाणी लावतात म्हनं, मोठ्यानं," ती म्हणाली आणि हसली. ते हसू माझ्याने बघवलं नाही.

दिवाळीच्या आधी मी तिला तालमीसाठी आणायला म्हणून वाडीवर गेले. भात कापणीला आलं होतं आणि कमळूकाकांच्या, म्हणजे योगिनीच्या बाबांच्या अंगणात माणसांची रीघ होती. कापणीच्या आधी अख्खी वाडी त्यांच्याकडे इळे, म्हणजे विळे, घेऊन येते. इळ्याचं पातं लोहाराचं, पण मूठ कमळूकाकांची. माणसाला समोर बसवतात, त्याची मूठ आपल्या हातात धरतात, दोनदा दाबून बघतात आणि मग लाकूड तासायला घेतात. एकीची मूठ दुसरीला चालत नाही. सासू सुनेला दागिना देईल पण इळा देणार नाही, असं तिथे म्हणतात. आखूड बोटांच्या बाईला तिकडे कुणी कधी नावं ठेवत नाही. तिची मूठ बारीक करून देतात, संपलं.

मला बघून काका हसत उठले. "बरं झालं आलीस, बाई. पोरीचं काम करून ठेवलंय मी."

आणि त्यांनी घरातून आमचा बेस आणला.

मान मागून तासली होती. आधी रंध्याने, मग काचेच्या तुकड्याने खरवडून, वर पॉलिशपेपर आणि खोबरेल तेल. काय सुंदर काम होतं! हात फिरवला तर लोण्यासारखी. फक्त मधोमध, लाकडाच्या आत, एक लोखंडी गज उघडा पडून चकाकत होता.

बेसच्या मानेत गज असतो, तो तारांचा ताण पेलतो, हे मला ठाऊक होतं ते दिपेशच्या बडबडीमुळे. काकांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी दांडा म्हणजे दांडा, आणि हात लहान असेल तर दांडा तासायचा. तारांच्या ओढीने मान इळ्यासारखी वाकली होती. तारा फ्रेटपासून इतक्या वर गेल्या होत्या की मधून बोट जावं.

योगिनी दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. किन्हवलीची हळद तोंडावर, बेस मोडलेला, आणि मोडणारा कोण तर जन्मदाता, तोही मायेपोटी.

"बसतो का हातात?" काकांनी विचारलं.

ती पुढे आली, बेस घेतला, मान मुठीत धरली. "बसतो, बाबा. लय झाक झालंय."

दुसरं कुणी असतं तर थयथयाट केला असता. मी तर नक्कीच केला असता, माझ्या तोंडाला कुलूप नाही. पण काका गेल्यावर ती पडवीत बसली, डोळे पुसले आणि गिटारकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, एक गंमत सांगू? मूठ खरंच बसते आता. तरी बोट पुढच्या घरात पोचत नाय. म्हंजे जाडीचं दुखणं नव्हतंच. लांबीचं हाय."

"मग?"

"बघा ना. इथनं धरलं की मला सगळं येतं." तिने हात मानेवर दोन घरं आत सरकवला. तिथे घरं अरुंद होती. चार बोटं चार घरांत अलगद बसली.

काका पाण्याचा तांब्या घेऊन येत होते, ते थांबून बघत राहिले. "वरचा तुकडा जास्तीचा हाय मग," ते म्हणाले. "कापू का?"

मी किंचाळलेच. योगिनी मात्र हसायला लागली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. "कापायचा नाय, बाबा. बांधायचा. कामटी द्या एक, नि सायकलच्या ट्यूबची पट्टी."

बांबूची चपटी कामटी तिने दुसऱ्या फ्रेटवर आडवी ठेवली आणि ट्यूबच्या रबराने करकचून आवळली. तिथून वरचा तुकडा मुका झाला. आता सगळे सूर दोन घरं वर गेले, म्हणून तिने चारही तारा तेवढ्याच सैल केल्या. सूर होते तेच राहिले, बेस तेवढा आखूड झाला. तारा सैल पडल्या तशी बिचारी वाकलेली मानही थोडी सरळ झाली. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गा, वहिनी."

मी पडवीत मांडी घालून गायले. ती वाजवत राहिली. हात पळत नव्हता, मनगट ताणलेलं नव्हतं. कापणीच्या इळ्यासाठी आलेल्या बायका अंगणात उभ्या राहून ऐकत होत्या. पाचवं गाणं झालं, सहावं झालं, तिचा सूर जागच्या जागी. बिघडलेल्या वाद्यावर, कामटी बांधून, आपल्याला नेमकं काय हवंय ते ह्या पोरीने शोधून काढलं होतं.

कापणी सरेपर्यंत योगिनी वाडीवरच राहिली. ती आली तेव्हा बेस बघून दिपेशने जो आरडाओरडा केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. मी त्याला पुरता ओरडू दिला. मग म्हटलं, "झालं? आता कल्याणला चल. पोरीच्या मापाचा बेस घ्यायचाय."

कल्याणच्या दुकानात हर्षित नावाचा तरुण होता. गोडबोल्या. योगिनीचा हात बघून तो आतून एक गुलाबी गिटार घेऊन आला. "लेडीजसाठी हे छान आहे. वजनाला हलकं, दिसायलाही क्यूट."

"आम्ही वाजवायला घेतोय," मी म्हटलं, "झबल्यावर शोभतंय का ते बघायला नाही." दिपेशने माझ्या कोपराला चिमटा काढला. हर्षितने गुलाबी गिटार मुकाट्याने आत नेलं, आणि एवढं मात्र म्हणेन की त्यानंतर त्याने भिंतीवरचा एकेक बेस न कंटाळता खाली काढला.

योगिनीने कशी निवड केली ते बघण्यासारखं होतं. ती कुठलाही बेस आधी वाजवायचीच नाही. गळ्यात अडकवून उभी राहायची आणि दोन्ही हात सोडून द्यायची. एका बेसची मान लगेच जमिनीकडे झुकली. "हा नको," ती म्हणाली. "मान टाकतो. डाव्या हातानं सूर धरायचा का ह्याचं वजन?" डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून चालणाऱ्या पोरीला तोल काय शिकवायचा? दुसरा सरळ राहिला, पण लांब. तिसरा आखूड होता, पण मान रुंद. तिने पहिल्या घरावर बोट ठेवून करंगळी सोडली, मान हलवली आणि परत दिला.

मग हर्षितने कोपऱ्यातून एक काढला. विटकरी रंगाचा, अंगाने बारका, मान आपल्या जुन्या बेसहून चांगली वीतभर कमी वाटावी असा. योगिनीने हात सोडले. बेस जागचा हलला नाही. तिने बोटं ठेवली, चारही घरं हाताखाली. तिचा चेहरा उजळला आणि माझाही.

तिने जाड तार छेडली. चेहरा पुन्हा उतरला.

"काय गो?"

"हात खूश हाय, वहिनी. गाणं नाय." तिने ती तार पुन्हा छेडली. "तार बोलत नाय. नुसती हलते."

"आखूड बेसचं असंच असतं," हर्षित म्हणाला. "लांबी कमी, म्हणून तार सैल लागते."

"ऐकलंस?" दिपेश माझ्याकडे वळला. "मी सांगत होतो. बेस लांबच पाहिजे. लहान हाताला लहान खेळणं, आणि आवाज बघ कसा, ओल्या पापडासारखा."

मला वाटलं, संपलं आता. जो हाताला बसतो तो वाजत नाही आणि जो वाजतो तो बसत नाही. मी योगिनीला म्हणणारही होते की घे हाच, मी सांभाळून घेईन. पण ती सांभाळून घेऊन राहणारी नव्हती. ती तारेकडे बघत उभी होती, आणि तिने हर्षितला विचारलं, "हिच्याहून जाड तार मिळंल?"

"मिळेल. जाड घातली की ताण वाढेल, आवाज खुलेल. पण दाबायला जड जाते, ताई. तुमचा हात..." तो अडखळला.

तिने हात काउंटरवर उपडा ठेवला, मग उताणा केला. बोटं आखूड खरी, पण टोकांना घट्टे पडलेले. पावसाळाभर चिखलातून आवण, म्हणजे भाताची रोपं, उपटून पुन्हा रोवलेली बोटं ती, आणि त्यावर वर्षभराच्या तारांच्या खुणा. हर्षितने पाहिलं आणि जाऊन जाड तार घेऊन आला. त्याने ती चढवली, सुरात लावली. योगिनीने पहिल्या घरावर बोट दाबलं, माझी पांढरी चार, आणि तार छेडली.

काउंटरच्या काचेवरचा चहाचा पेला खणखणला. दिपेशच्या छातीत तो सूर बसलेला मला दिसला, कारण त्याने नकळत हात छातीवर नेला होता. तिने माझ्या एका गाण्याची अख्खी चाल वाजवली, वरून खाली, खालून वर, एकही घर न चुकता. हर्षित म्हणाला, "ताई, हा बेस दोन वर्षं इथे पडून आहे. त्यात हा आवाज आहे हे मलाच माहीत नव्हतं."

दिपेशने बेस घेतला. घरी येईपर्यंत कुरकुरत मात्र राहिला. "स्टेजवर खेळण्यासारखा दिसेल. लोक हसतील." आणि विपुलला किन्हवलीला यायला सांगितलंय हेही त्याने मला त्याच प्रवासात सांगितलं. "राहू दे, हाताशी असलेला बरा." मी त्याच्याशी सापगाव येईपर्यंत बोलले नाही.

जुन्या बेसची मान कमळूकाकांनी मागून नेली. तिच्या लाकडाची त्यांनी योगिनीच्या इळ्याला मूठ केली. ती मी पाहिली आहे. तिच्या हाताबाहेर एक सूतही जात नाही.

किन्हवलीच्या मांडवात संध्याकाळी आम्ही उभे राहिलो तेव्हा लोक खरंच हसले. आधी पोर एवढीशी, त्यात बेस एवढासा. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओ दिपेशशेठ, मोठी गिटार धुवायला टाकली का?" विपुल मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, आपला बेस पिशवीत घालून पायाशी ठेवलेला. योगिनीने त्याच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि ओढणी कमरेला खोचली.

पहिलं गाणं झालं. दुसऱ्याला पोरं नाचायला उठली. तिसऱ्यापासून हसणारे नाचत होते, हसायला कुणी उरलंच नाही. मी मुद्दाम अवघड गाणी काढली, कारण मला माझ्या नवऱ्याचं थोबाड बघायचं होतं. तिचा हात कुठेच उशिरा पडला नाही. पण दिपेशही कसलेला. तो अजून मान खाली घालून कीबोर्डच वाजवत होता, आणि विपुलही पिशवी उचलून घरी जात नव्हता.

मग हळद लावायची वेळ झाली. आमच्याकडे हळद लावताना धवला, म्हणजे लग्नाचं जुनं गाणं, गातात. तो गाते धवलारीण, आणि आमच्या गोतावळ्यात धवलारीण म्हणजे माझी सासू, सुंदराबाई. धवला सुरू झाला की वाजंत्री बंद. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम आहे तो. भटजी नव्हते तेव्हा लग्नं धवलारणीच्याच तोंडून लागायची, मग तिच्यापुढे ढोलकी आणि बेंजोची काय पत्रास? आम्ही सगळ्यांनी हात खाली घेतले.

आई पाटावर बसल्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, माणसं सावलीसारखी दिसतात. आवाज मात्र अजून मांडव भरून टाकतो. पहिलं कडवं त्यांनी तसंच उचललं. मागे ओळ झेलणाऱ्या चार-पाच बायका होत्या. दुसऱ्या कडव्याला आईंचा दम कमी पडला आणि सूर घसरला. बायका जुन्याच जागी राहिल्या, आई खाली. तिसऱ्याला आणखी खाली. त्यांनाही कळत होतं. त्या थांबून सूर चाचपडत होत्या, अंधारात पायरी शोधावी तशा. मांडवातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सबंध आयुष्य ज्या बाईने इथली लग्नं लावली, तिची ही दशा मला पाहवेना. गळा माझ्याजवळही होता, पण त्यांच्या धवल्यात तोंड घालायची माझी छाती नव्हती.

तेवढ्यात खालून एक सूर आला. अगदी हळू. जमिनीतून यावा तसा.

मी वळून पाहिलं. योगिनीने डोळे मिटले होते. तिचं एकच बोट जाड तारेवर होतं. आईंचा दम जिथे पोचत होता, नेमका तिथलाच सूर तिने शोधला होता आणि तो त्यांच्या पायाखाली धरून ठेवला होता. दिपेशने दचकून हात वर केला, थांब म्हणून. नेम मोडला होता, आणि तोही काल आलेल्या पोरीने, अख्ख्या नातलगांसमोर.

आई थांबल्या. योगिनीने डोळे उघडले, दिपेशचा हात पाहिला, आणि तिचा हात तारेवरून निघून ओढणीखाली गेला.

आईंनी मान आमच्या दिशेला वळवली. "कोन वाजवतो गो तो?" त्यांनी विचारलं. "इपुल आला का परत? भला मोठा हात दिसतो. सगला भार घेतला माझा."

खांबाजवळ विपुल अवघडून उभा. मी दिपेशकडे बघत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याच्याकडे इतकं रोखून कधी पाहिलं नसेल. त्याने कीबोर्डवर टेकलेला हात उचलला, तोंडावरून फिरवला.

"विपुल नाय, आये," तो म्हणाला. "योगिनी हाय. आपल्या पार्टीचा बेस आता तीच वाजवते."

विपुलने वाकून आपली पिशवी उचलली.

"मंग थांबली कशाला?" आई म्हणाल्या. "धर गो पोरी, तसाच धर."

ओढणीखालून तो एवढासा हात बाहेर आला आणि पुन्हा जाड तारेवर बसला. आईंनी खोल श्वास घेतला आणि धवला पुढे उचलला.